'टॅक्सी ड्रायव्हर' (१९५४) : चित्रीकरणस्थळावरील एक विवाह आणि चित्रपटेतिहासातील नायिकेचे स्थान

प्रस्तावना

हिंदी चित्रपटाच्या इतिहासात काही आख्यायिका इतक्या वेळा सांगितल्या गेल्या आहेत की त्यांना पुराव्याचे स्थान प्राप्त झाले आहे. इ. स. १९५४ मध्ये मुंबईत 'टॅक्सी ड्रायव्हर' या चित्रपटाचे चित्रीकरण सुरू असताना नायक देव आनंद आणि नायिका कल्पना कार्तिक यांनी दुपारच्या जेवणाच्या सुटीत विवाह केला व सुटी संपताच दोघे पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, ही अशीच एक आख्यायिका होय. समारंभ नाही, निमंत्रणे नाहीत, वृत्तपत्रांचे प्रतिनिधी नाहीत; नवपरिणीत जोडपे पुढच्या दृश्याला हजर. या प्रसंगातील नाट्य उघड आहे आणि म्हणूनच देव आनंद यांच्यावरील बहुतेक लेखनात त्याला हमखास जागा मिळालेली दिसते.

हा विवाह त्या चित्रीकरणाच्या काळात झाला याविषयी वाद नाही. प्रस्तुत निबंधाचा प्रश्न निराळा आहे. एका गुन्हेगारीप्रधान चित्रपटाच्या निर्मितीत घडलेली ही घटना त्या काळच्या चित्रपट व्यवसायाच्या रचनेविषयी काय सांगते? आणि ही आख्यायिका वारंवार सांगितली जात असताना त्या नायिकेच्या कामाची नोंद इतिहासलेखनातून कशी पुसट होत गेली? या दोन प्रश्नांचा येथे परस्परसंबंधाने विचार केला आहे. पडद्यामागील प्रेमकथा हा विषय सामान्यतः रंजक नियतकालिकांकडे सोपवला जातो. अभ्यासकांनी तो वर्ज्य मानला आहे. तथापि विवाह ही सामाजिक व आर्थिक संस्था असल्याने, कामाच्या ठिकाणी आणि कामाच्या वेळेत झालेला विवाह हा श्रमाच्या इतिहासाचाही विषय ठरतो.

साधनांचे स्वरूप

या विषयाची साधने तीन प्रकारची आहेत. पहिले साधन म्हणजे चित्रपट स्वतः. त्याची श्रेयनामावली, कथानक आणि चित्रणपद्धती ही समकालीन कागदपत्राइतकीच विश्वसनीय मानता येतात. दुसरे साधन म्हणजे त्या काळातील शासकीय व कायदेविषयक नोंदी. तिसरे साधन म्हणजे स्मृती. देव आनंद यांचे 'रोमान्सिंग विथ लाइफ' हे इंग्रजी आत्मचरित्र २००७ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे विवाहानंतर ५३ वर्षांनी. आत्मचरित्रकार आपल्या आयुष्याला कथेचा घाट देत असतो, हे गृहीत धरूनच अशा साधनाचा उपयोग करावा लागतो. येथे एक विषमता लगेच ध्यानात येते. विवाह दोघांचा, परंतु त्याची लिखित स्मृती एकाचीच. कल्पना कार्तिक यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले नाही. चित्रपटसंन्यासानंतर त्या सार्वजनिक जीवनापासून दूरच राहिल्या. त्यामुळे या प्रसंगाचे जे रूप प्रचलित आहे ते मुळातच एकतर्फी आहे.

नवकेतन : कुटुंब आणि कंपनी

या विवाहाची पार्श्वभूमी समजून घेण्यासाठी 'नवकेतन' या निर्मितिसंस्थेकडे वळणे अगत्याचे आहे. चेतन आनंद आणि देव आनंद या बंधूंनी १९४९ मध्ये ही संस्था स्थापन केली. संस्थेच्या नावात चेतन आनंद यांच्या 'केतन' या मुलाचे नाव गुंफलेले होते. संस्थेचे कौटुंबिक स्वरूप असे नामकरणापासूनच प्रकट झालेले दिसते. चेतन आनंद यांच्या 'नीचा नगर' या चित्रपटाला १९४६ च्या कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिकाचा वाटा मिळाला होता. देव आनंद यांचा प्रवेश मात्र पुण्यात झाला. प्रभातचा 'हम एक हैं' (१९४६) हा त्यांचा पहिला चित्रपट. पुढे बॉम्बे टॉकीजच्या 'जिद्दी' (१९४८) या चित्रपटाने त्यांना लोकप्रियता मिळवून दिली.

प्रभात आणि बॉम्बे टॉकीज या दोन्ही संस्था मासिक वेतनावर कलावंत बाळगणाऱ्या होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धती ढासळली. युद्धकाळात निर्माण झालेला बेहिशेबी पैसा चित्रपट व्यवसायात शिरला, स्वतंत्र निर्मात्यांची संख्या वाढली आणि नामवंत नटनटींना करारागणिक मोठ्या रकमा मिळू लागल्या. मुंबईचे काँग्रेसनेते स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली १९४९ मध्ये नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात या परिस्थितीची दखल घेतली आणि चित्रपटांसाठी वित्तपुरवठा करणारी संस्था व प्रशिक्षण संस्था स्थापण्याच्या शिफारशी केल्या. पुण्यातील प्रभातच्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली ती याच विचारप्रवाहातून. 'टॅक्सी ड्रायव्हर' प्रदर्शित झाला त्याच १९५४ साली बॉम्बे टॉकीजचा अखेरचा चित्रपट 'बादबान' आला. तो वाचवण्यासाठी कामगारांनी पुढाकार घेतला होता आणि त्यातही देव आनंद यांची भूमिका होती. एका बाजूला जुन्या स्टुडिओचा अस्त आणि दुसऱ्या बाजूला भावाभावांच्या छोट्या कंपनीचा उदय, अशा संधिकालात हा विवाह झाला.

स्टुडिओची वेतनव्यवस्था मोडल्यावर छोट्या निर्मात्यासमोर भांडवलाइतकाच विश्वासू माणसांचा प्रश्न उभा राहिला. नवकेतनने त्याचे उत्तर नात्यागोत्यात आणि मैत्रीत शोधले. 'टॅक्सी ड्रायव्हर'चे दिग्दर्शन थोरले बंधू चेतन आनंद यांचे. लेखनात त्यांच्या पत्नी उमा आनंद आणि धाकटे बंधू विजय आनंद यांचा सहभाग. नायक मधले बंधू देव आनंद. एका कुटुंबातील चार व्यक्ती एका चित्रपटाच्या मुख्य जबाबदाऱ्या वाहत होत्या. नायिका तेवढी कुटुंबाबाहेरची होती आणि चित्रीकरण पूर्ण होण्यापूर्वीच तीही कुटुंबात आली.

'बाझी' आणि एका मैत्रीची आख्यायिका

कल्पना कार्तिक यांचे मूळ नाव मोना सिंघा. त्यांचा जन्म लाहोरचा, एका पंजाबी ख्रिस्ती कुटुंबातील. महाविद्यालयीन शिक्षण सिमल्यात. चेतन आनंद यांनी त्यांना चित्रपटात आणले व पडद्यावरचे नाव दिले. 'बाझी' (१९५१) हा त्यांचा पहिला चित्रपट. गुरुदत्त यांचाही दिग्दर्शक म्हणून तो पहिलाच. बलराज साहनी यांचे लेखन, साहिर लुधियानवी यांची गीते, सचिन देव बर्मन यांचे संगीत आणि झोहरा सेहगल यांची नृत्ये असा मोठा संच त्यात एकवटला होता. मुंबईत बेस्टच्या बसवर वाहक म्हणून काम केलेले बद्रुद्दीन काझी याच सुमारास 'जॉनी वॉकर' या नावाने पडद्यावर आले.

'बाझी' हा हिंदी गुन्हेगारीपटाच्या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. 'गिल्डा' (१९४६) यांसारख्या अमेरिकी चित्रपटांची छाया त्यावर होती. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अमलात असताना क्लब, जुगार आणि झगझगीत नृत्ये पडद्यावर येत होती. शहरातील मोह आणि गुन्हा यांचे एक संकेतबद्ध विश्व तयार होत होते. या विश्वात स्त्रीपात्रांची विभागणी ठरलेली होती. 'बाझी'त क्लबमधील नर्तकी गीता बाली यांनी रंगवली, तर कल्पना कार्तिक यांच्या वाट्याला डॉक्टरची भूमिका आली. नायकाला अंधारातून बाहेर काढणारी सुशिक्षित, नीतिमान स्त्री हा साचा त्यांच्यासाठी पहिल्याच चित्रपटात निश्चित झाला.

'बाझी'च्या निर्मितीशी दुसरी एक प्रसिद्ध आख्यायिका जोडलेली आहे. प्रभातमध्ये असताना परटाकडून शर्टांची अदलाबदल झाली, त्यातून देव आनंद व गुरुदत्त यांची ओळख झाली आणि 'जो आधी मोठा होईल त्याने दुसऱ्याला संधी द्यावी' असा त्यांच्यात करार झाला, अशी ती कथा. देव आनंद निर्माते झाल्यावर त्यांनी गुरुदत्तांना दिग्दर्शन दिले. या दोन आख्यायिका शेजारी ठेवून पाहिल्यास त्यांतील भेद ठळक होतो. शर्टांची कथा ही एका कारकिर्दीचा आरंभबिंदू म्हणून सांगितली जाते; तिच्या पाठोपाठ 'प्यासा', 'कागज के फूल' यांची चर्चा येते. विवाहाची कथा मात्र शेवट म्हणून सांगितली जाते. तिच्यानंतर नायिकेविषयी सांगण्यासारखे काही उरत नाही. पुरुषांच्या आख्यायिकेतून कार्य निष्पन्न होते, स्त्रीच्या आख्यायिकेत कार्य विसर्जित होते. घटनांपेक्षा कथनाच्या सवयीतून निर्माण झालेला हा फरक आहे.

याच 'बाझी'च्या ध्वनिमुद्रणाच्या निमित्ताने गुरुदत्त व गायिका गीता रॉय यांचा परिचय झाला आणि मे १९५३ मध्ये ते विवाहबद्ध झाले. म्हणजे एका चित्रपटाच्या संचातून तीन वर्षांच्या आत दोन विवाह घडले. स्टुडिओतील वेतनदार नात्यांची जागा वैयक्तिक नात्यांनी घेतल्याचे हे आणखी एक चिन्ह म्हणता येईल.

सुरैय्या : न झालेला विवाह

कल्पना कार्तिक यांच्यापूर्वीची देव आनंद यांची प्रेमकथा सुरैय्या यांच्याशी निगडित आहे. 'विद्या' (१९४८) पासून 'दो सितारे' व 'सनम' (१९५१) पर्यंत दोघांनी सात चित्रपटांत एकत्र काम केले. नवकेतनचा पहिला चित्रपट 'अफसर' (१९५०) हा त्यांपैकीच एक. सुरैय्या त्या काळातील अग्रगण्य गायिका-अभिनेत्री होत्या आणि आरंभीच्या चित्रपटांत देव आनंद यांच्यापेक्षा त्यांचे नाव मोठे होते. धर्मभेदामुळे त्यांच्या आजीने या विवाहास कडाडून विरोध केला. विवाह झाला नाही. सुरैय्या अविवाहित राहिल्या आणि २००४ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

या दोन संबंधांची तुलना बहुधा भावनेच्या पातळीवर केली जाते. व्यवसायाच्या दृष्टीने पाहिल्यास वेगळे चित्र दिसते. सुरैय्या या नवकेतनच्या बाहेर स्वतःचे नाव, स्वतःचा स्वर आणि अनेक निर्मात्यांकडील काम असलेल्या कलावंत होत्या. कल्पना कार्तिक यांचे पडद्यावरील नावच नवकेतनने दिलेले होते. पहिल्या संबंधात दोन स्वतंत्र कारकिर्दी समोरासमोर होत्या; दुसऱ्यात एक कारकीर्द दुसरीच्या घरातच वाढत होती. पहिला विवाह घडला नाही याचे कारण आजीचा विरोध हे खरेच. परंतु दुसरा विवाह इतक्या निःशब्दपणे पार पडू शकला, याचे एक कारण या व्यावसायिक निकटतेतही शोधावे लागते.

येथे कायद्याची पार्श्वभूमीही लक्षात घ्यावयास हवी. १८७२ च्या विशेष विवाह कायद्यात १९२३ मध्ये दुरुस्ती झाली होती. तरी तिचा लाभ हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांच्या परस्परविवाहापुरताच मर्यादित होता. धर्मत्यागाची घोषणा न करता कोणत्याही दोन धर्मांच्या व्यक्तींना विवाह करता यावा अशी तरतूद करणारा नवा विशेष विवाह कायदा संसदेने १९५४ मध्येच संमत केला आणि तो १ जानेवारी १९५५ पासून अमलात आला. 'टॅक्सी ड्रायव्हर'च्या चित्रीकरणकाळातील हिंदू-ख्रिस्ती विवाह या कायद्याच्या उंबरठ्यावरचा आहे. आंतरधर्मीय विवाहाला घरातून विरोध होणे, तो गाजावाजा टाळून उरकणे, या दोन्ही गोष्टी त्या काळच्या मध्यमवर्गीय समाजात अपवादात्मक नव्हत्या. चित्रपटसृष्टीचे झगमगते आवरण बाजूला केल्यास त्या विवाहाचे स्वरूप तत्कालीन अनेक साध्या नोंदणी विवाहांशी जुळते.

'टॅक्सी ड्रायव्हर'चे अंतरंग

'बाझी'च्या यशानंतर नवकेतनचे 'आंधियाँ' (१९५२) आणि 'हमसफर' (१९५३) हे दोन्ही चित्रपट अपयशी ठरले. संस्था अडचणीत होती. 'टॅक्सी ड्रायव्हर' त्यामुळे काटकसरीने, मोठ्या प्रमाणात मुंबईच्या प्रत्यक्ष रस्त्यांवर चित्रित करण्यात आला. छायाचित्रकार व्ही. रात्रा यांनी हलक्या कॅमेऱ्याने टिपलेले शहर हे या चित्रपटाचे सर्वांत टिकाऊ वैशिष्ट्य होय. सेटच्या खर्चातील बचत आणि शहराचे वास्तव दर्शन या दोन गोष्टी येथे एकत्र आल्या. ज्याला पुढे शैली म्हटले गेले तिचा उगम निदान काही अंशी हिशेबाच्या वहीत होता. चित्रपट यशस्वी झाला. त्याच्या संगीतासाठी सचिन देव बर्मन यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले.

कथानकाचा सांगाडा साधा आहे. मंगल हा मुंबईतील टॅक्सीचालक. मित्रमंडळी त्याला 'हीरो' म्हणतात. माला ही तरुणी गायिका होण्याच्या आशेने एका संगीतकाराच्या शोधात मुंबईत येते आणि गुंडांच्या तावडीत सापडते. मंगल तिची सुटका करतो. संगीतकाराचा पत्ता लागत नाही व माला मंगलच्या आश्रयाने राहते. केस कापून, पुरुषी वेश करून ती त्याच्या जगात वावरते. दुसरीकडे क्लबमध्ये नाचणारी सिल्वी (शीला रमाणी) मंगलवर प्रेम करते. गुन्हेगारांच्या टोळीशी जडलेले वैर कथेला वेग देते.

या कथेतील एक तपशील विशेष अर्थपूर्ण आहे. माला मुंबईत येते ती कामाच्या शोधात. तिला गायचे आहे, चित्रपटसंगीताच्या व्यवसायात शिरायचे आहे. परंतु प्रेक्षकाच्या मनात तिची जी प्रतिमा उरते ती मंगलच्या खोलीत राहणाऱ्या आणि त्याच्या विस्कळीत आयुष्याला घरपण देणाऱ्या मुलीची. कामाची आकांक्षा घेऊन निघालेल्या स्त्रीचे कथेच्या ओघात गृहिणीत रूपांतर होणे, ही त्या दशकातील अनेक चित्रपटांची रीत होती. 'टॅक्सी ड्रायव्हर'मध्ये ती मुलाच्या वेशामुळे अधिक गुंतागुंतीची झाली आहे. रात्रीच्या शहरात स्त्री म्हणून वावरणे धोक्याचे. पुरुषाच्या वेशात मात्र ती मोकळी. शहराने स्त्रीला दिलेल्या मर्यादित मुभेचे हे सूचक चित्र आहे. उलट सिल्वी स्त्रीवेशातच कमावते, नाचते, रात्री वावरते आणि म्हणूनच नायकाच्या घराचा उंबरठा तिला ओलांडता येत नाही. कमावती स्त्री आणि घरातली स्त्री यांच्यामध्ये चित्रपटाने आखलेली ही रेषा पडद्याबाहेरच्या घडामोडींशी समांतर जाते, हे पुढे दिसून येईल.

सुटीतील विवाह : दोन उद्योगांची तुलना

आता त्या विवाहाकडे वळता येईल. प्रचलित कथेनुसार चित्रीकरणाच्या मध्यंतरात विवाह उरकला गेला आणि काम पुढे सुरू झाले. नायकाच्या बोटातील अंगठी छायाचित्रकाराच्या नजरेस आल्याचाही उल्लेख तीत येतो. अंगठीचा हा तपशील बोलका आहे. दृश्यांची संगती राखणे ही चित्रीकरणातील शिस्त असते. मागच्या दृश्यात नसलेली वस्तू पुढच्या दृश्यात दिसता कामा नये. आयुष्यात घडलेला बदल चित्रपटात दिसू द्यायचा नाही, असाच याचा अर्थ. विवाहाने कामाची संगती बिघडवली नाही, ही या कथेतील अभिमानाची गोष्ट आहे.

याची तुलना अमेरिकेतील एका समकालीन उदाहरणाशी करणे उद्बोधक ठरते. हम्फ्री बोगार्ट आणि लॉरेन बॅकॉल यांची ओळख 'टू हॅव अँड हॅव नॉट' (१९४४) या चित्रपटाच्या वेळी झाली. 'द बिग स्लीप' या गुन्हेगारीपटाचे चित्रीकरण १९४५ च्या आरंभी संपले आणि त्याच वर्षी मे महिन्यात दोघांचा ओहायो राज्यात विवाह झाला. चित्रपट तयार होता. तरीही वॉर्नर ब्रदर्सने तो सार्वत्रिकरीत्या प्रदर्शित न करता १९४६ च्या जानेवारीत काही दृश्ये नव्याने चित्रित केली. दोघांमधील चुरचुरीत संवादांना त्यांत अधिक वाव देण्यात आला आणि त्यासाठी कथेचा उलगडा करणारा काही भाग वगळण्यात आला. चित्रपट १९४६ च्या ऑगस्टमध्ये झळकला. तेथे स्टुडिओने प्रेमसंबंधाला भांडवल मानले आणि त्यासाठी चित्रपटच बदलला.

मुंबईत याच्या नेमके उलट घडले. येथे चित्रपट बदलला नाही; विवाह चित्रपटाच्या वेळापत्रकात बसवला गेला. हॉलीवूडच्या स्टुडिओकडे तयार चित्रपट महिनोन्‌महिने अडवून ठेवण्याची आणि पुनर्चित्रीकरणाची आर्थिक ताकद होती. लागोपाठ दोन अपयशे पाहिलेल्या नवकेतनकडे ती नव्हती. 'जेवणाच्या सुटीत लग्न' ही कथा देव आनंद यांच्या अविरत कामसूपणाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ती तशी असेलही. पण त्याचबरोबर ती एका तुटपुंज्या भांडवलाच्या कौटुंबिक कंपनीची कथाही आहे. नायक हाच निर्मात्यांपैकी एक होता. सुटी वाढली असती तर नुकसान त्याच्याच घराचे झाले असते. आणि त्या दुपारनंतर ते नायिकेच्याही घराचे झाले असते.

या अखेरच्या वाक्यात विवाहाचा आर्थिक आशय सामावलेला आहे. सुटीपूर्वी नायिका ही संस्थेत काम करणारी कलावंत होती. सुटीनंतर ती संस्थेच्या कुटुंबाची सदस्य झाली. काम तेच राहिले, मात्र कामाचे नाते बदलले.

विवाहानंतरचे काम

कल्पना कार्तिक यांनी एकूण सहा चित्रपटांत भूमिका केल्या : 'बाझी' (१९५१), 'आंधियाँ' (१९५२), 'हमसफर' (१९५३), 'टॅक्सी ड्रायव्हर' (१९५४), 'हाउस नं. ४४' (१९५५) आणि 'नौ दो ग्यारह' (१९५७). सहाही चित्रपट नवकेतनचे. सहाही चित्रपटांचे नायक देव आनंद. त्या काळातील प्रमुख नायिकांमध्ये इतकी एककेंद्री कारकीर्द क्वचितच आढळेल. 'बाझी'तील सहअभिनेत्री गीता बाली यांनी याच अवधीत अनेक निर्मात्यांकडे व अनेक नायकांबरोबर कामे केली. १९५५ मध्ये शम्मी कपूर यांच्याशी विवाह झाल्यानंतरही त्यांचे काम काही वर्षे चालू राहिले.

विवाहाबरोबर कल्पना कार्तिक यांचा अभिनय लगेच संपला नाही, हे सहा चित्रपटांच्या यादीवरून स्पष्ट होते. विवाहानंतर दोन चित्रपट आले आणि दोन्ही गुन्हेगारीच्या कथानकाशी निगडित होते. विजय आनंद यांचे दिग्दर्शनातील पदार्पण असलेल्या 'नौ दो ग्यारह'मध्ये नायिका नकोसा विवाह टाळण्यासाठी शीख पुरुषाच्या वेशात पळ काढते आणि नायकाच्या ट्रकमध्ये शिरते. तीन वर्षांपूर्वीच्या टॅक्सीतील पुरुषवेशाचा हा उघड पुनरुच्चार आहे. हलकाफुलका विनोद आणि प्रसंगावधान यांची जाण त्यांच्या या भूमिकेतून प्रत्ययास येते. 'बाझी'तील काहीशी अवघडलेली डॉक्टर आणि 'नौ दो ग्यारह'मधील मोकळी नायिका यांच्यामधील अंतर हे एका अभिनेत्रीच्या वाढीचे अंतर आहे. ज्या टप्प्यावर ही वाढ दिसू लागली त्याच टप्प्यावर कारकीर्द थांबली.

त्यानंतरही त्यांचे काम थांबले असे म्हणता येत नाही. 'तेरे घर के सामने' (१९६३), 'ज्वेल थीफ' (१९६७), 'प्रेम पुजारी' (१९७०) या नवकेतनच्या चित्रपटांशी सहनिर्माती म्हणून त्यांचे नाव जोडलेले आहे. म्हणजे पडद्यावर सहा वर्षांचा आणि पडद्यामागे त्याहून अधिक काळाचा असा हा व्यावसायिक सहभाग आहे. परंतु चित्रपटविषयक लेखनात या सहभागाची चर्चा अभावानेच होते. कौटुंबिक व्यवसायात स्त्रीने केलेले काम 'मदत' या सदरात जमा होते आणि त्याची स्वतंत्र मोजदाद होत नाही. शेती, हातमाग, किराणा दुकान यांच्या बाबतीत समाजशास्त्रज्ञांनी हे वेळोवेळी दाखवून दिले आहे. चित्रपटनिर्मितीचा व्यवसायही या नियमास अपवाद नव्हता.

मराठी अभिनेत्रींची आत्मकथने : एक आवश्यक विरोध

नायिकेचे मौन हे अपरिहार्य नव्हते, याचे दाखले मराठी परंपरेत उपलब्ध आहेत. प्रभातच्या 'कुंकू'तील नायिका शांता आपटे यांनी करारासंबंधीच्या वादात १९३९ मध्ये प्रभातच्या दारातच उपोषण केले आणि १९४० मध्ये 'जाऊ मी सिनेमांत?' हे पुस्तक लिहून या व्यवसायातील पिळवणुकीवर भाष्य केले. हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' (१९७०) हे आत्मकथन तर पडद्यावरील यश आणि घरातील पराधीनता यांचा निर्भीड दस्तऐवज आहे. श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (१९७७) त्यावरच आधारलेला होता. दुर्गा खोटे यांनी 'मी, दुर्गा खोटे' या ग्रंथात अभिनेत्री, निर्माती व कुटुंबातील स्त्री या तिन्ही नात्यांनी स्वतःच्या आयुष्याचा हिशेब मांडला.

ही तीन पुस्तके समोर ठेवली की देव आनंद व कल्पना कार्तिक यांच्या प्रसंगातील उणीव अधिक स्पष्टपणे जाणवते. हंसा वाडकरांच्या विवाहाविषयी आज जे लिहिले जाते ते त्यांचे कथन डावलून लिहिता येत नाही. शांता आपटे यांच्या उपोषणाचा अर्थ त्यांच्या पुस्तकाच्या आधारेच लावावा लागतो. कल्पना कार्तिक यांच्या बाबतीत तसा आधार नाही. म्हणून त्यांच्या मौनाचा अर्थ परस्पर समाधान किंवा परस्पर दुःख असा लावणे दोन्ही प्रकारे अनुचित ठरेल. मौन बाळगण्याचा त्यांचा अधिकार मान्य करूनही त्यांचे काम मात्र मोजता येते. सहा चित्रपट आणि श्रेयनामावल्या ही साधने कोणाच्याही स्मृतीवर अवलंबून नाहीत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. 'टॅक्सी ड्रायव्हर'च्या चित्रीकरणकाळातील विवाह हा स्टुडिओव्यवस्थेच्या ऱ्हासानंतर उदयास आलेल्या कौटुंबिक निर्मितिसंस्थेच्या संदर्भात पाहावा लागतो. वेतनाच्या नात्याची जागा आप्तसंबंधांनी घेण्याच्या प्रक्रियेचा तो एक भाग होता.

२. सुटीतील विवाहाच्या आख्यायिकेमागे व्यक्तिगत धडाडीबरोबरच अल्प भांडवलाची निकड होती. 'द बिग स्लीप'च्या उदाहरणाशी केलेल्या तुलनेतून ही बाब स्पष्ट होते.

३. चित्रपटाच्या कथेत कामाच्या शोधात आलेल्या स्त्रीला घर मिळते आणि तिचे काम मागे पडते. नायिकेविषयीच्या इतिहासलेखनातही हाच क्रम गिरवला गेला आहे.

४. कल्पना कार्तिक यांची विवाहानंतरची अभिनेत्री व सहनिर्माती म्हणून असलेली कामगिरी श्रेयनामावल्यांच्या आधारे स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगी आहे.

चित्रपटाच्या इतिहासातून आख्यायिका वगळाव्यात असे सुचवण्याचा हेतू नाही. लोकस्मृतीने जपलेल्या कथा काळाविषयी बरेच काही सांगून जातात. मात्र कथेत कोण बोलतो, कोण गप्प आहे आणि कथा संपल्यानंतर कोणाचे काम नोंदवायचे राहून गेले, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलेच पाहिजेत. त्या दुपारी सुटी संपल्यावर दोन्ही कलावंत कामावर परतले. त्यांपैकी एकाच्याच कामाचा इतिहास आजवर विस्ताराने लिहिला गेला आहे. दुसऱ्याचा लिहिला जाणे अद्याप बाकी आहे.